नवीन स्की बूट घरात घालून बसतोय, पाय बधिर होतो – किती दिवस सोसायचं?

पाथर्डी_फाटा | ३ डिसेंबर, रात्री ११:१०

मंडळी, आधीच सांगतो, हसायचं नाही. नाशकात बर्फ फक्त रसवंतीवर बघायला मिळतो हे मलाही माहितीये. तर झालं असं की जानेवारीच्या शेवटी गुलमर्गला स्कीइंगच्या बेसिक कोर्सला चाललोय. दोन वर्षांपूर्वी मनालीजवळ सोलंगला अर्धा दिवस भाड्याचे बूट घातले होते, आतून ओले, मागच्या दहा जणांच्या पायांचा वास, संध्याकाळी नडगीवर निळा डाग, तेव्हाच ठरवलं की परत कधी गेलोच तर बूट आपले पाहिजेत. आतेभाऊ स्टुटगार्टला असतो, तो दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडून मागवले. साइज मीच सांगितली, रोजच्या बुटाचा नंबर ९, चार्टवर बघितलं तर २८.५ दाखवत होतं, म्हटलं आण.

आता सगळीकडे वाचलं की नवीन स्की बूट आधी घरी घालून ब्रेक इन करा. म्हणून पाच दिवस झाले, रोज जेवण झालं की घालून बसतो. पहिल्या दिवशी तर नुसते घालायलाच वीस मिनिटं, मी सोफ्याला धरून आणि बायको बुटाची जीभ ओढतेय. दहा-पंधरा मिनिटांत पायाच्या वरच्या बाजूला, जिथे चपलेचा पट्टा येतो ना तिथे, दुखायला लागतं आणि मग बोटं बधिर. आणि गंमत म्हणजे एवढं करकचून आवळूनही मागे टाच वर उचलली जातेच. हॉलमध्ये चार चकरा मारल्या तर खालच्या काकूंचा फोन, की एवढ्या रात्री फरशीचं काम काढलंय का.

तर प्रश्न असा की हे किती दिवसांत सैल होतात? तेल-बिल काही लावतात का? का अजून आवळायचे?

रामशेज_रविवार | ३ डिसेंबर, रात्री ११:३२

भो एकदम सोप्पंय. माझे पहिले ट्रेकिंगचे लेदरचे बूट असेच होते, सालेरला टाचेची सालटी निघाली होती. मग कोणीतरी सांगितलं म्हणून बादलीत बुडवले, ओलेच पायात घालून अख्खा दिवस फिरलो, पायावरच वाळवले. त्यानंतर हरिहरच्या पायऱ्या काय नि कळसूबाईच्या शिड्या काय, कधी काही नाही. आणि दोन मोजे घाल, एक पातळ वर एक जाड. सोसायचं थोडं, सैल होतात आपोआप.

मोल्डवाला_अंबड | ४ डिसेंबर, सकाळी ७:०५

थांबा थांबा, पाणी नका ओतू त्यात कोणी.

मी स्की-बिकी कधी केलेलं नाही पण प्लॅस्टिक मोल्डिंगमध्ये अठरा वर्षं झाली आणि हे बूट म्हणजे माझ्या धंद्यातला जॉब आहे. बाहेरचं जे कवच आहे ते इंजेक्शन मोल्डेड असतं, बहुतेक पॉलियुरेथेन, हलके महागडे असतील तर नायलॉन. हे काय कातडं नाही. कातडं ताणतं, ओलावा धरतं, तुमच्या पायाचा आकार घेतं, कोल्हापुरी आठवडाभर चावते आणि मग शहाणी होते तसं. प्लॅस्टिकला तुम्ही पाच दिवस घातलं काय आणि पाच महिने घातलं काय, पायाच्या ताकदीने ते एक मिलिमीटर हलणार नाही. फार पूर्वी स्कीचे बूट चामड्याचेच होते, नाडीवाले. १९६० च्या दशकात बॉब लांगे नावाच्या अमेरिकन माणसाने प्लॅस्टिकचे बाजारात आणले आणि मग सगळं जगच तिकडे वळलं. तेव्हा हा 'सैल होतील' वाला सल्ला त्या चामड्याच्या जमान्यातला आहे असं मला वाटतं.

मऊ काय होतं, तर कवचाच्या आत बसणारा, वेगळा निघणारा फोमचा मोजा. तो दबतो, तेवढंच.

अजून एक, थंडीत प्लॅस्टिक कडक होतं. निफाडला पारा ६-७ वर आला की आमच्या शेडमध्ये सकाळी पार्ट हाताळतानासुद्धा फरक कळतो. हे बूट तुम्ही गॅलरीत ठेवत असाल तर घरात आणा, खोली गरम असताना घाला, वीस मिनिटं लागणार नाहीत.

पाथर्डी_फाटा | ४ डिसेंबर, सकाळी ९:२०

गॅलरीतच ठेवतो 😐 आई म्हणाली एवढं धूड हॉलमध्ये नको. जोडीचं वजन केलं तर चार किलोच्या वर भरलं.

फिजिओ_गंगापूररोड | ४ डिसेंबर, दुपारी २:१५

बधिर होतंय म्हणताय तर ते हलक्यात घेऊ नका. पायाच्या वरच्या बाजूला, तुम्ही पट्ट्याची जागा म्हणालात बरोबर तिथूनच, कातडीच्या अगदी खाली रक्तवाहिनी आणि नस जाते. बोट ठेवलं तर ठोका लागेल हाताला. तिथे बकल आवळलं की पुढच्या बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो, आधी मुंग्या, मग बधिर, मग गार. घरात २५ डिग्रीत हे होत असेल तर बर्फात काय होईल विचार करा, गार पडलेल्या बोटांना तिथे गरम व्हायला रक्तच पोचणार नाही. बधिर झालं की लगेच काढायचं, 'अजून पाच मिनिटं बघू' करायचं नाही.

आणि सगळीकडून सारखं घट्ट वाटणं वेगळं आणि एका जागी टोचणं वेगळं. सारखं घट्ट म्हणजे कोणीतरी हस्तांदोलन करताना हात दाबून धरलाय तसं, ते चालतं, फोम दबला की कमी होतं. एका हाडावर टोचत असेल तर ते सोसून जात नाही, वाढतं.

देवळाली_रिटायर्ड | ४ डिसेंबर, रात्री ८:४०

मी फौजेत होतो. गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये विंटर कोर्स केलाय. ती संस्था मुळात १९४८ साली स्की स्कूल म्हणूनच उभी राहिली. आम्हाला बूट जे मिळतील ते घालावे लागायचे त्यामुळे चुकीचा बूट काय करतो हे मला चांगलं माहीत आहे.

तुमचा बूट छोटा नाही. मोठा आहे.

टाच उचलली जातेय हे तुम्हीच लिहिलंय. पाय आत खेळतोय म्हणून तुम्ही आवळताय. आवळताय म्हणून वरून दुखतंय. अजून आवळाल तर अजून दुखेल आणि टाच तरीही उचलणार.

आतला मोजा बाहेर काढा. नुसत्या कवचात पाय घाला, पायमोजा न घालता. बोटं पुढे हलकी टेकेपर्यंत सरका. आता टाचेच्या मागे किती जागा उरते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर ठीक. त्याच्या वर गेलं तर तो बूट तुमचा नाही, मग तुम्ही तो घरी वर्षभर घाला.

रामशेज_रविवार | ४ डिसेंबर, रात्री ८:५५

काका पण दुखतंय म्हणजे छोटा ना? मोठा बूट कसा दुखेल?

मिसळ_ते_म्युनिक | ५ डिसेंबर, पहाटे २:३०

आमच्याकडे रात्रीचे दहाच वाजलेत म्हणून जागी आहे 🙂 मूळची कॉलेज रोडची, नऊ वर्षं इकडे, दर हिवाळ्यात स्की करते, तेही पहिली दोन वर्षं एक साइज मोठे बूट घालून, त्यामुळे काकांना १००% अनुमोदन. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, छोटे घेणारे फार कमी, मोठे घेणारेच ढिगाने, कारण दुकानात उभं राहून बोटं टेकली की आपण घाबरतो आणि पुढचा नंबर मागतो.

दादा, तुम्ही चार्टवर नंबर बघून मागवलेत ना, तिथेच गडबड झाली. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, २७.५ म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटरचा पाय, बस, त्यात यूके-युरोप काही नाही. रोजच्या बुटात आपण पुढे अंगठाभर जागा सोडतो, ती जागा चार्टमधून इकडे पण घुसते. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर वजन, सगळ्यात लांब बोटापाशी खूण, मोजा. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरायचा. आणि पंज्याची सगळ्यात रुंद जागाही मोजा, कारण बुटाला एक रुंदी पण असते, ९८ मिमी म्हणजे चिंचोळा, १०० मधला, १०२ आणि वर म्हणजे रुंद.

अजून एक गंमत सांगते, बऱ्याच कंपन्यांचं अर्ध्या नंबराचं कवच एकच असतं. २८ आणि २८.५ बाहेरून तोच बूट, फरक आतल्या तळव्यात नाहीतर मोज्यात. त्यामुळे २८.५ जाऊन २८ घेतला तर काहीच बदलणार नाही.

आणि दोन मोजे अजिबात नको हो! एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. कॉटनचा पण नको, घाम धरतो.

पाथर्डी_फाटा | ५ डिसेंबर, रात्री १०:४५

केलं सगळं. आता रिपोर्ट.

डावा पाय २६.९, उजवा २७.०. रुंदी १०.१ सेमी. मी मागवलेला २८.५. म्हणजे अख्खा दीड सेंटिमीटर मोठा!! 🤦

कवचात पाय घातला, बोटं पुढे टेकवली, मागे मोजायला काय घालावं कळेना, फूटपट्टी आत जाईना, शेवटी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि त्याची मूठ घातली. गेली. नुसती गेली नाही, आत खुळखुळली. मूठ मोजली तर २.३ सेमी जाड. आईने बघितलं, त्यानंतर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही, नवीन लाटणं आणून द्यायचं कबूल केलंय.

काका तुम्हाला साष्टांग. पाच दिवस मी पाय मारून घेत होतो, आणि मनात काय, तर होईल सवय, दुखतंय म्हणजे सैल होतंय.

देवळाली_रिटायर्ड | ५ डिसेंबर, रात्री ११:००

चांगलं झालं इथे कळलं. तिथे पहिल्या दिवशी कळलं असतं तर कोर्स गेला असता.

सिडको_सहावी_स्कीम | ६ डिसेंबर, सकाळी ११:२५

मला एक कळत नाही, आयुष्यात एकदा जाणार, कोर्सवाले बूट देतातच, मग तीसेक हजार त्यात घालायचे कशाला? तेवढ्यात अजून एकदा जाऊन येता येईल. खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

मिसळ_ते_म्युनिक | ६ डिसेंबर, दुपारी ३:१०

प्रश्न रास्त आहे. एकदाच जाणार असाल तर भाड्याचेच घ्या, फक्त हे लाटण्याचं प्रकरण भाड्याच्या बुटांवर तिथल्या तिथे करा, लाजू नका, दुकानदार वैतागला तरी चालेल. पण दरवर्षी जायचा विचार असेल तर स्वतःची पहिली गोष्ट बूटच घ्यायची, स्की नव्हे. स्की भाड्याची काहीही चालते. गुडघ्याने जे सांगायचं ते स्कीपर्यंत बुटातूनच जातं, टाच उचलली गेली की तुम्ही वळताय आणि स्की सरळ चाललीय.

दादा, आता हे बूट बर्फावर घातलेले नाहीत ना? आणि रस्त्यावर?

पाथर्डी_फाटा | ६ डिसेंबर, दुपारी ३:४०

नाही ताई, हॉलच्या बाहेर नाही. फरशीवर सटकायला व्हायचं म्हणून सतरंजी टाकली होती, एकदा तरीही कपाटाला धरून वाचलो. जिना उतरून बघावं असं डोक्यात आलं होतं पण बायकोने दरवाजाच लावून घेतला.

मिसळ_ते_म्युनिक | ६ डिसेंबर, दुपारी ३:५२

वहिनींना सलाम. जिना नाहीच, त्या बुटात घोटा वाकत नाही, पडलात तर हात टेकायचाही वेळ मिळत नाही. आणि काँक्रीटवर चाललात की तळाची कड झिजते. तो तळ नुसता तळ नाही, तो बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवर बूट पकडून ठेवणाऱ्या खटक्यात, बसणारा भाग आहे, पडल्यावर स्कीपासून बूट सुटायला हवा तो त्याच मापावर सुटतो.

तळ कोरा असेल तर दुकान बदलून देईल बहुतेक, आतेभावाला पावती घेऊन बोलायला सांगा. मी २२ ला नाशकात येतेय. बूट माझ्यापर्यंत पोचवले तर आणते. बदल्यात कोंडाजी चिवडा, दोन किलो, तडजोड नाही.

रामशेज_रविवार | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

बदलून कशाला, पाय मोजला मी माझा. २८.१ आणि २८.०. रुंद पण आहे. काय राव, हे तर माझेच बूट निघाले. पुढच्या वर्षी मी पण येतो गुलमर्गला. भाव बोल.

पाथर्डी_फाटा | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

व्यनि (खासगी मेसेज) केलाय 😂

मोल्डवाला_अंबड | ६ डिसेंबर, रात्री ९:३०

पाण्यात बुडवणाऱ्यालाच बूट गेले.

पाथर्डी_फाटा | २४ डिसेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. नवीन बूट आले. ताईंनी खरंच आणले, चिवडा सुपूर्द केलाय. साइज २७, रुंदी १०० मिमी, आणि आधीचे १०० फ्लेक्सचे (फ्लेक्स म्हणजे बुटाचा कडकपणा) होते ते आता ९० घेतलेत, ताई म्हणाल्या पहिल्याच कोर्सला ७४ किलोच्या माणसाला ८०-९० पुरे, आणि तो आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो त्यामुळे त्याच्यावर फार जीव टाकू नका.

कवच टेस्ट केली. लाटण्याची मूठ जात नाही. पेन जातो आणि थोडी जागा उरते, सोळा-सतरा मिमी असेल.

पण मंडळी, आता तर उभं राहिलं की बोटं पुढे टेकतायत!! आणि डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडाला टोचतंय. परत चुकलं का काय? झोप उडालीय.

मिसळ_ते_म्युनिक | २५ डिसेंबर, सकाळी ८:०५

नाही चुकलं. टेकायलाच हवीत. आता असं करा. पायमोजा नीट ओढून घ्या, एक सुरकुती नको, नखं कापलेली हवीत, थर्मल पँट बुटाच्या बाहेर, बुटात फक्त पाय आणि पायमोजा जायला पाहिजे. थर्मलची शिवण आत गेली की नडगीवर तासाभरात वळ उठतो, तुमच्या सोलंगच्या निळ्या डागाचं कारण तेच असणार.

मग पाय घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटा (काकूंची माफी मागून), टाच मागच्या खोबणीत बसते. गुडघे पुढे करा, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा, आणि त्या अवस्थेत वरची दोन बकलं आधी लावा. वरची आधी! तुम्ही खालून वर लावत असणार, सगळे तसंच करतात. वरची लावली की टाच खाली धरली जाते, मग खालची दोन नुसती टेकवायची, एका बोटाने लागतील इतकीच. मग परत गुडघे वाकवा, वरची एक घर अजून. शेवटी वरचा पट्टा. बकल गोल फिरवून अर्धं-पाव घरसुद्धा कमी-जास्त करता येतं हे माहीत नसेल तर करून बघा.

आता गुडघे पुढे करून उभे राहा आणि सांगा बोटं कुठे आहेत.

पाथर्डी_फाटा | २५ डिसेंबर, सकाळी ८:५०

अरे. मागे आली. सरळ उभं राहिलं की टेकतात, गुडघे वाकवले की सुटतात. आणि टाच हलत नाही! पहिल्यांदाच पाय आणि बूट एक झाल्यासारखं वाटलं. पायाच्या वरचं दुखणं गायब, कारण खालची बकलं आवळलेलीच नाहीत.

घोट्याचं मात्र आहे.

फिजिओ_गंगापूररोड | २५ डिसेंबर, दुपारी १२:३०

घोट्यासाठी आधी नेमकी जागा शोधा. आतला मोजा काढा, घोट्याच्या हाडावर लिपस्टिकचा टिपका लावा, नुसत्या कवचात पाय घालून गुडघे वाकवा आणि बाहेर काढा. कवचाला डाग लागला तर हाड प्लॅस्टिकला भिडतंय, ते कवच तिथे गरम करून बाहेर काढावं लागतं. नाही लागला तर नुसता फोम जाड आहे, तो दबेल.

पाथर्डी_फाटा | २५ डिसेंबर, रात्री ९:४०

लिपस्टिक मागितल्यावर बायकोने 'आता हे काय नवीन' असा लूक दिला. पण केलं. अगदी पुसट डाग आलाय, एका बाजूला.

मोल्डवाला_अंबड | २५ डिसेंबर, रात्री ९:५५

हीट गन आहे माझ्याकडे, लाकडाचा ठोकळा टर्न करून देतो, दोन मिमी बाहेर काढू, रविवारी या कंपनीत.

मिसळ_ते_म्युनिक | २५ डिसेंबर, रात्री १०:०२

दादा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण नको. तिकडे बूटफिटर लोक हेच करतात, प्लॅस्टिक गरम करून जॅकने ढकलतात, थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवतात, पण त्यांना कुठल्या मॉडेलचं प्लॅस्टिक किती तापवायचं ते पाठ असतं. जास्त तापलं तर चकाकी जाते, कवच पातळ होतं, आणि बूट वाया. बुटाचा आतला मोजाही दुकानात खास हीटरवर तापवून पायावर बसवतात, म्हणून कोणाच्या डोक्यात ओव्हन आला असेल तर तोही नको.

मोल्डवाला_अंबड | २५ डिसेंबर, रात्री १०:१०

हे पटलं. ग्रेड माहीत नसताना तापमान लावू नये हे तर मीच पोरांना शिकवतो. गन ठेवली आत.

फिजिओ_गंगापूररोड | २६ डिसेंबर, सकाळी ७:४५

पुसट डाग असेल तर आधी साधा उपाय करून बघा. जुन्या योगा मॅटचा तुकडा घ्या, इंग्रजी सी अक्षरासारखा कापा आणि आतल्या मोज्याच्या बाहेरून टेपने चिकटवा, असा की हाड त्या सीच्या पोकळीत येईल. हाडावर काहीही चिकटवायचं नाही, हाडाच्या भोवती. दाब आजूबाजूच्या मांसावर जातो, हाड मोकळं राहतं.

आणि वेळ हळूहळू वाढवा. सुरुवातीला वीस मिनिटं, मग तास. टीव्हीसमोर नुसतं बसून उपयोग नाही, मध्येमध्ये उठून गुडघे पुढे-मागे करत राहायचं, त्यानेच फोम बसतो. बसलेले असताना बकलं सोडून टाका.

देवळाली_रिटायर्ड | २६ डिसेंबर, सकाळी ९:१०

बुटांबरोबर पायही तयार करा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, मांड्यांसाठी, रोज. दोन मिनिटांपर्यंत न्या. पांडवलेणीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. बूट कितीही चांगला असला तरी मांडी थकली की माणूस मागे रेलतो, मागे रेलला की पडतो.

तळ कोणता आहे बघा. नवीन बुटांना चालायला सोपा, गोलसर रबरी तळ येतो.

मिसळ_ते_म्युनिक | २६ डिसेंबर, दुपारी ४:३०

बरं झालं काका बोललात, मी विसरलेच होते. हो, त्याला ग्रिपवॉक म्हणतात. तो जुन्या बाइंडिंगमध्ये बसत नाही, किंवा बसल्यासारखा वाटतो आणि ऐनवेळी सुटत नाही, ते जास्त वाईट. कोर्समध्ये स्की जुन्या असू शकतात. आतेभावाने सोबत सपाट कडक तळाची जोडी दिलीय, बॉक्सच्या खाली बघा, स्क्रूवर बदलता येते. आणि टाचेजवळ कवचावर तीन आकडी मिलिमीटरचा नंबर कोरलेला असतो, तळाची लांबी, त्याचा फोटो काढून ठेवा, बाइंडिंग लावणारा तोच विचारेल. सोबत वजन, उंची, वय आणि किती येतं ते. तिथे फुशारकी मारून 'येतं मला' म्हणू नका, बाइंडिंग जास्त घट्ट लावतील.

पाथर्डी_फाटा | ११ जानेवारी, रात्री १०:३५

अपडेट. सी लावला, घोटा शांत. मोल्डवाल्या दादांनी घरी येऊन सपाट तळ बसवून दिला, हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, मशीन लावू दिलं नाही, म्हणाले प्लॅस्टिकमधला आटा एकदा गेला की गेला. आता दोन तास घालून बसू शकतो. काल बूट घालून पोहे केले, ओट्यापाशी गुडघे वाकवून उभं राहायची सवय म्हणून. खालच्या काकूंना वर बोलावून बूट दाखवले, त्यांनी उचलून बघितला आणि म्हणाल्या अरे हे पायात घालायचं आहे का दारात ठेवायचं.

एक जाणवलं. पहिल्या आठवड्यापेक्षा थोडे मोकळे वाटतायत, बकल एक घर पुढे गेलंय. हा तोच फोम का?

मिसळ_ते_म्युनिक | १२ जानेवारी, पहाटे १:१५

तोच. अजूनही दबेल बर्फावर. म्हणून तर आत्ता घट्ट घ्यायचे असतात, घरी छान मऊ वाटणारे बूट पहिल्या सीझनमध्येच ढगळ होतात.

पाथर्डी_फाटा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:००

आलो परत! हाडं शाबूत. थोडक्यात लिहितो कारण मांड्या अजून टाइपसुद्धा करू देत नाहीत असं वाटतंय.

गुलमर्ग २६५० मीटरवर, सकाळी हॉटेलच्या खोलीत पाणी गोठलेलं. पहिल्या दिवशी चूक केली, बूट रात्री दाराजवळ ठेवले होते, सकाळी दगड. मोल्डवाल्या दादांची आठवण काढत हीटरजवळ नाही, हीटरच्या खोलीत ठेवले आणि मग पाय गेला. दुसऱ्या रात्रीपासून आतला मोजा काढून वाळवायचा आणि बूट पलंगाखाली.

स्की देणाऱ्या माणसाने पहिली गोष्ट काय केली असेल तर बूट उलटा करून तळ बघितला, मग टाचेवरचा नंबर. माझ्याआधी एका मुंबईच्या मुलाचा ग्रिपवॉक होता, त्याला शेवटी भाड्याचे बूट घ्यावे लागले, नवे कोरे बूट खोलीत पडून. तो बिचारा.

पहिले तीन दिवस तर लिफ्टचं नाव नाही, बदकासारखे पाय फाकवून उतार चढायचा आणि पन्नास फूट खाली यायचं. तिथेच बूट चावतात सगळ्यांना. आमच्या बॅचमध्ये संध्याकाळी निम्मे लोक नडग्या चोळत होते, मी चहा पीत होतो. दोन जणांच्या थर्मल पँट बुटातून बाहेर काढायला लावल्या, एकदम एक्सपर्टसारखं. चौथ्या दिवशी उजव्या करंगळीजवळ थोडं जाणवलं, बकल पाव घर फिरवलं, संपलं.

गोंडोलाने अफरवाटला वर, ३९०० मीटरच्या पुढे, नुसतं बघायला गेलो. तिथून खाली स्की करणारे लोक बघून गप्प खाली आलो.

देवळाली_रिटायर्ड | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

शाबास. वर नुसतं बघून परत आलात हे सगळ्यात चांगलं केलं.

पाथर्डी_फाटा | २१ जून, संध्याकाळी ७:१५

पाऊस सुरू झाला, बूट माळ्यावर टाकू का? इथल्या दमटपणात बुरशी येईल का?

मोल्डवाला_अंबड | २१ जून, रात्री ८:४०

बुरशी आतल्या मोज्याला येईल, तो काढून पूर्ण वाळवा, वर्तमानपत्राचे बोळे भरा. कवचाचा खरा शत्रू दमट हवाच, पॉलियुरेथेन वर्षानुवर्षं ओलावा खाऊन ठिसूळ होतं, ट्रेकिंगच्या बुटांचे तळ कपाटात ठेवूनसुद्धा भुगा होतात ते याच कारणाने. पंधरा-वीस वर्षं जुने स्की बूट कोणी फुकट दिले तरी घालू नका, बर्फात फुटतात. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच. बकलं हलकीच लावून ठेवा म्हणजे कवचाचा आकार उघडा राहत नाही.

रामशेज_रविवार | २१ जून, रात्री ९:३०

मी आत्ताच काढलेत माळ्यावरून, घालून बसलोय, जानेवारीचं बुकिंग झालं. कवचाची टेस्ट केली पण आमच्या लाटण्याची मूठ टाचेमागे जातच नाहीये. लाटणं जाडंय का बूट छोटा झाला?

पाथर्डी_फाटा | २१ जून, रात्री ९:३४

जायलाच नको भो. तेच पाहिजे होतं. आता पेन घालून बघ, आणि लाटणं वहिनींच्या आधी जागेवर ठेव.